दोन कुलपांची खोली

परवा आमच्या क्लिनिकमध्ये आगीचा अलार्म वाजला. आग वगैरे काही नव्हती, मागच्या खोलीत कोणीतरी टोस्ट करपवला होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "व्हाय डिड इट गो ऑफ?" काउंटरवरची नवी मुलगी ऋतुजा भाबडेपणाने म्हणाली, "नो सर, इट इज ऑन." डॉक्टर मान हलवत आत गेले आणि ती रडवेली झाली. मी तिला बाजूला घेतलं आणि समजावता समजावता माझ्या तोंडून निघून गेलं, "पुस्तक राहू दे गं. काल तुझ्या घरी काय झालं, ते सांग." हे वाक्य माझं नाही. ते नलू टीचरचं आहे, आणि ते असं अचानक माझ्या जिभेवर आलं की परवापासून मला दुसरं काही सुचत नाही.

नलिनी प्रधान गिरगावात फणसवाडीजवळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मी लालबागची. आजोबा मिलमध्ये, वडील मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये, आणि मी परळला दातांच्या क्लिनिकमध्ये फोन घ्यायला. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तसे पेशंट इंग्रजीत बोलायला लागले. एकदा एका बाईंनी फोनवर काहीतरी भराभरा सांगितलं, मी सगळ्याला "येस मॅडम" म्हटलं आणि त्यांची अपॉइंटमेंट रद्द करायची सोडून दोनदा लिहून ठेवली. डॉक्टर म्हणाले, "संध्या, वर्षअखेरपर्यंत बघू, नाहीतर..." त्या 'नाहीतर'च्या पुढचं मला न सांगताच कळलं. मैत्रिणीने टीचरचं नाव सुचवलं आणि मी बस पकडून गिरगावात थडकले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला म्हटलं, "एक वाक्य बोल. कुठलंही." मी शाळेत घोकलेलं ठोकून दिलं, "आय गो टु द गार्डन एव्हरी डे."

"कुठल्या गार्डनला?"

"लालबागच्या."

"लालबागला कुठे गं बाग उरलीय? आणि खोटंच बोलायचं असेल तर त्याला इंग्रजी कशाला, मराठी आहे की." सगळा वर्ग हसला. मला इतका राग आला की उद्यापासून यायचंच नाही असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मात्र दहा मिनिटं आधीच पोचले.

टीचर उंच, किडकिडीत, साठी ओलांडलेल्या. खळ घातलेली सुती साडी, घड्याळ उजव्या मनगटावर, आणि बोलणं असं की समोरच्याने श्वास घेतला तर त्याचं अर्धं वाक्य सुटावं. फळा नव्हता. हिरव्या रंगाचं एक लाकडी कपाट होतं, त्याच्या दारावर त्या खडूने लिहायच्या. पुस्तकही नव्हतं. इंग्रजीतली ती दोन तुकड्यांची क्रियापदं असतात ना, गेट अप, पुट ऑफ, टेक आफ्टर वगैरे, त्यातलं एक त्या दर महिन्याच्या सुरुवातीला कपाटावर लिहायच्या आणि म्हणायच्या, "हे बघा, पाहुणे आले. महिनाभर आपल्याकडे मुक्काम आहे." मग महिनाभर त्याच एका पाहुण्याचे सगळे गुण-अवगुण बाहेर काढायचे. नियम एकच. वाक्य खरं पाहिजे. तुमच्या घरात, तुमच्या कामावर, काल किंवा आज घडलेलं. पुस्तकातल्या टॉमला आणि मेरीला त्या खोलीत प्रवेश नव्हता.

या नियमाने काय व्हायचं, तर सगळ्यांची घरं त्या खोलीत येऊन बसायची. बबन म्हणून एक कुरिअरवाला होता, त्याच्या सासऱ्याचं व्यसन आम्हाला 'गिव्ह अप'च्या महिन्यात कळलं आणि ते सुटलं नाही हे 'टेक अप'च्या महिन्यात. कोणी नवीन माणूस आला की बिचकायचा. टीचर म्हणायच्या, "लाजू नकोस, इथे सगळ्यांचं सारखंच आहे." चूक झाली तर ओरडायच्या, पण वाक्य खरं असेल तर ओरडणं अर्ध्यावर थांबवून आधी विचारायच्या, "मग? पुढे काय झालं?" रस्त्यात कुठे खोदलंय, परळला कुठला पूल बंद आहे, कोणाच्या दुकानाच्या जागी आता काय आलंय, सगळं त्यांना हवं असायचं. मी चर्नी रोडला उतरून चौपाटीवरून चालत आले की पहिला प्रश्न, "भरती होती का गं?" चौपाटी तिथून पायी दहा मिनिटांवर, आणि या बाईला समुद्राची बातमी लालबागच्या मुलीकडून हवी. मला वाटायचं, गंमत करतायत.

गंमत नव्हती. टीचर खोली सोडून जात नसत. म्हणजे अगदीच जात नसत असं नाही, भाजी आणायला जायच्या, डॉक्टरकडे जायच्या, पण खोलीत कोणाला तरी बसवून. "संध्या, जरा बसशील? आलेच मी," आणि खरंच धावत गेल्यासारख्या जाऊन यायच्या. परत आल्यावर चपला काढायच्या आधी दाराच्या कडीला हात लावायच्या, वरच्या आणि खालच्याही. मग पिशवी ठेवायच्या. मग आमच्याकडे बघायच्या. एकदा रस्त्यात कसलीतरी मिरवणूक आडवी आली आणि त्यांना उशीर झाला. आल्या तेव्हा साडी घामाने भिजलेली, ओठ पांढरे पडलेले. आम्ही सगळे आतच बसलो होतो, तरी त्यांचा हात आधी कडीकडेच गेला.

वर्गात जुने होते त्यांना कारण ठाऊक होतं. मला ते तावडेकाकांनी सांगितलं. तावडेकाका म्हणजे गॅलरीत समोरच्याच खोलीतले. रे रोडला लाकडाच्या वखारीत उभा जन्म काढलेला माणूस, बायको गेलेली, मुलगा गावी. टीचर बाहेर गेल्या की राखणीला बहुतेक वेळा तेच बसत, आणि संध्याकाळच्या आमच्या वर्गातही दाराजवळच्या खाटेवर मुकाट बसून ऐकत. चाळीत त्यांच्या शेजारधर्माचं सगळ्यांना कौतुक होतं. मी मालवणकडची निघाले म्हणून माझ्याशी ते आमच्या बोलीत बोलत.

गोष्ट अशी होती. खोली पागडीची, म्हणजे जुन्या भाड्याची, टीचरच्या वडिलांच्या नावावर. टीचर लग्न न करता वडिलांजवळ राहिलेल्या, धाकटा भाऊ शरद संसार थाटून मुलुंडला गेलेला. वडील वारल्यावर शरदचं म्हणणं पडलं की खोली देऊन टाकू, तू आमच्याकडे ये. टीचरना ते पसंत नव्हतं. यावरून थोडी बोलाचाली झाली, जशी कुठल्याही घरात होते. त्याच सुमारास टीचर मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला नाशिकला गेल्या. खालच्या कडीला स्वतःचं पितळी कुलूप लावून गेल्या. दोन दिवसांनी बॅग घेऊन जिना चढून आल्या तर दाराला दोन कुलपं. खाली त्यांचं, आणि वरच्या कडीला एक काळं, लोखंडी, मुठीएवढं.

मुंबईत असं दुसरं कुलूप म्हणजे कोणीतरी खोलीचा ताबा घ्यायला बघतंय, ते सांगायला लागत नाही. टीचरनी गॅलरीतून शरदला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी नाही लावलं." त्या म्हणाल्या, "मग काय भुताने लावलं?" कुलूप तोडलं, पोलिसांत तक्रार गेली, शरदला चौकीवर बोलावणं आलं, त्याचाही मग संताप झाला आणि प्रकरण कोर्टात जाऊन बसलं. वकील म्हणाले, "काही झालं तरी ताबा सोडू नका." वकिलांच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच असणार की कुठे सही करू नका. टीचरनी त्याचा अर्थ घेतला की भाजीलाही जाऊ नका. फोर्टातल्या एका ऑफिसात त्या स्टेनो होत्या, साहेबाची इंग्रजी पत्रं त्याच सुधारत. ती नोकरी त्यांनी सोडली आणि घरात क्लास काढला. सकाळी गृहिणी, दुपारी कॉलेजची मुलं, संध्याकाळी आमच्यासारखे नोकरदार. लोक म्हणायचे, बाईंना शिकवण्याची काय आवड. आवड होतीच, पण क्लास काढला होता खोली रिकामी राहू नये म्हणून. हे कळल्यावर मी त्या रात्री घरी जाऊन नीट जेवू शकले नाही. ज्या खोलीसाठी एवढं केलं त्या खोलीनेच बाईला गिळलं होतं, आणि बाई रोज आम्हाला विचारत होती, भरती होती का गं.

ते तुटकं काळं कुलूप त्यांनी टाकलं नव्हतं. दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवलं होतं, कॅलेंडर लावतात तसं. "पुरावा आहे तो," असं त्या म्हणत. तावडेकाका खाटेवर बसत ते नेहमी त्या खिळ्याकडे पाठ करून. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला पंख्याचा वारा लागत असेल.

कोर्टकचेरी चालू होती आणि भाऊबीजही चालू होती, हे मात्र त्या दोघा भावंडांनाच जमावं. शरद दर भाऊबीजेला यायचा. गोरा, टक्कल पडलेला, टीचरसारखाच भराभरा बोलणारा माणूस. मी जायला लागले त्याच्या आदल्या वर्षी बबनने ते पाहिलं होतं आणि तो नक्कल करून दाखवायचा. पाटावर बसता बसता शरद म्हणायचा, "ताई, ते कुलूप मी लावलं नव्हतं." टीचर म्हणायच्या, "टोपी घाल आधी. ओवाळते." ओवाळून झालं, फराळ झाला, की तो खिळ्याकडे बघत चपला घालायचा आणि जायचा. पुढच्या तारखेला दोघांचे वकील समोरासमोर.

त्या वर्षी भाऊबीजेला शरद आला नाही. टीचरनी पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. मी सहज फराळ द्यायला गेले होते, तर दिवस कलला तरी पाट तसाच. शेवटी त्याच्या बायकोचा फोन आला. हृदयाचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी भरती करायचं होतं. "ताईंनी येऊन जावं, असं हे म्हणतायत," असं ती म्हणाली. टीचरनी फोन ठेवला आणि पाट उचलून भिंतीला लावला.

मी म्हटलं, "टीचर, जा तुम्ही. मी बसते. सुट्टी काढते, दिवसभर बसते."

"आणि तू जरा कुठे उठलीस तर?"

"नाही उठणार."

"पाणी प्यायला तरी उठशील," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुला कळत नाही संध्या. आजारपणाचं निमित्त काढून माणसाला बाहेर काढतात. असं झालंय लोकांच्या बाबतीत."

मला इतका संताप आला की मी डबा तिथेच ठेवून निघून आले. सख्खा भाऊ उद्या छाती उघडून घ्यायला जाणार आणि बहीण कड्यांना हात लावत बसलीय. जिन्यात तावडेकाका भेटले. "गेली नाय ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. म्हातारा तिथेच पायरीवर बसला. त्याला काय झालं ते मला तेव्हा समजलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. शरद घरी आला, पण खचला होता म्हणे, जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे तो आता या खोलीत कधी येणार नव्हता. आणि टीचर तिथे जाणार नव्हत्या. दोघांच्यात मुलुंड ते गिरगाव एवढंच अंतर, पण ते आता कोणीच ओलांडणार नव्हतं.

पुढच्या महिन्यात कपाटावर नवा पाहुणा आला. गो ऑफ.

"हे बेरकी आहे," टीचर म्हणाल्या. "घड्याळाचा गजर वाजला तरी गो ऑफ, आणि दिवे गेले तरी गो ऑफ. एक चालू होतं, एक बंद पडतं. भांडू नका त्याच्याशी, वाक्यं आणा." बबनने दूध नासल्याचं आणलं. एका नर्सने वॉर्डातले दिवे गेल्याचं आणलं. एकाने लग्नाच्या वरातीत फटाका हातातच फुटल्याचं आणलं, आणि पट्टी बांधलेला हात पुरावा म्हणून वर केला. मी त्या दिवसांत एका स्थळाशी जवळजवळ ठरवून बसले होते. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, आणि त्याने दोनदा माझ्यासमोर हॉटेलातल्या पोऱ्याच्या अंगावर ओरडून घेतलं होतं. एखाद्या माणसावरून मन उडालं तरी गो ऑफच, असं टीचरनी सांगितलं तेव्हा मी पटकन म्हणून गेले, "आय हॅव गॉन ऑफ हिम." म्हणेपर्यंत ते खरं आहे हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. टीचरनी चूक शोधली नाही. पुढे काय झालं तेही विचारलं नाही. उठून स्टोव्हवर चहा टाकला आणि पहिला कप मला दिला. आईला मी ते दुसऱ्या दिवशी मराठीत सांगितलं, पण सोपं गेलं ते आधी तिथे इंग्रजीत सांगितल्यामुळे.

मग निघून जाणे हा अर्थ आला. अमुक तमुक ठिकाणी गेलो, वेंट ऑफ टु. सगळ्यांकडे भरपूर वाक्यं. कोणी शिर्डीला गेलेलं, कोणी सासुरवाडीला. बबन मस्करीत म्हणाला, "टीचर, तुमचं पण एक होऊन जाऊ दे."

टीचर खडू हातात घेऊन थांबल्या. "माझ्याकडे दूध नासतं आणि दिवे जातात," त्या म्हणाल्या. "तेवढंच आहे. पुढे चला." आम्ही माना खाली घातल्या.

पुढचा अर्थ होता दुसऱ्याची वस्तू घेऊन निघून जाणे. गो ऑफ विथ. कोणाकडेच वाक्य नव्हतं. चोरीचं वाक्य कोण कशाला खरं आणेल? टीचर म्हणाल्या, "चोरीच पाहिजे असं नाही. चुकून नेली तरी चालेल. छत्री, पेन, काहीही. आठवा."

बबन वहीची पानं मागेपुढे उलटायला लागला. मग दाराजवळच्या खाटेवरून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द पारखून.

"आय वेंट ऑफ विथ द की."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तावडेकाका इतक्या वर्षांत वर्गात एक शब्द बोलले नव्हते. टीचरना आनंदच झाला. "वा तावडे. अगदी बरोबर. कोणाची की? वाक्य पूर्ण करा."

तावडेकाका उठून उभे राहिले. आणि पहिल्यांदाच खिळ्याकडे तोंड केलं.

"त्या कुलपाची," ते म्हणाले. "नलूताय, ता कुलूप माझा. वखारीतला."

पुढचं ते माझ्याकडे बघून बोलले, आपल्या बोलीत, कारण टीचरकडे बघून बोलण्याची त्यांची ताकद नव्हती. टीचर नाशिकला गेल्या त्या दिवशी त्यांनी पाहिलं की खालच्या कडीचा कोयंडा सैल झालाय, स्क्रू बाहेर आलेत, कोणी जोरात ओढलं तर दार उघडेल. ते स्वतः शिमग्याला गावी निघालेले, गाडीची वेळ झालेली, स्क्रू आवळायला सवड नव्हती. म्हणून घरातलं मोठं कुलूप वरच्या कडीला लावलं. चावी खालच्या पानवाल्याकडे ठेवून जायचं होतं. घाईत राहून गेलं. "थंय पालखीत नाचताना खिशात चावी वाजली गो," ते म्हणाले. "तेव्हा समाजला." गावात तेव्हा फोन लागत नसे. परत आले तोवर पोलीस येऊन गेले होते, शरदला चौकीवर नेलं होतं, आणि चाळीत जो तो म्हणत होता की ज्याने कुलूप लावलं तो आत जाणार. "माका भिती वाटली. मगे उशीर झालो. मगे आणखी उशीर झालो."

मी हे जमेल तसं टीचरना सांगत होते. त्यांना सगळं कळत होतं, सांगायची गरज नव्हती. त्यांनी खडू कपाटावर ठेवला. खिळ्यावरचं कुलूप काढलं आणि तावडेकाकांसमोर धरलं. "घ्या, तुमचं आहे." काकांचे हात वर होईनात. मग टीचरनी ते खाटेवर ठेवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "आज इथेच थांबू."

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी बाई मुलुंडला असतील. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात होत्या. तिसऱ्या दिवशीही. खिळा रिकामा, खाट रिकामी, बाकी सगळं तसंच. भाजीला जाताना "संध्या, जरा बसशील?" तेही तसंच. आल्यावर कडीला हात, तोही तसाच. मी आठवडाभर तोंड दाबून धरलं आणि मग एकदा सगळे गेल्यावर राहवलं नाही.

"आता कशाला राखण, टीचर? कोणी येणार नाही कुलूप लावायला."

त्या कपाट पुसत होत्या. पुसतच राहिल्या. "त्याच्याकडे जाऊन काय म्हणू?" त्या म्हणाल्या. "दर भाऊबीजेला तो मला सांगत होता. पाटावर बसून सांगत होता. मी त्याला चौकीवर बसवलं, संध्या. माझ्या बाबांच्या मुलाला. इतके दिवस वाटायचं त्याने मला कोंडलंय. आता कोणाचं नाव घेऊ?" आणि त्या रडल्या. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते कळेना, म्हणून मी उरलेलं कपाट पुसलं.

तावडेकाका गॅलरीत दिसायचेही बंद झाले होते. दार लोटून आत बसत. त्यांचा चहा शेजारची बाई दारात ठेवून यायची. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन म्हातारी माणसं, दोघंही आपापल्या खोलीत अडकलेली.

मग एका रविवारी माझी राखणीची पाळी होती. टीचरना डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं आहे असं सांगितलं होतं. मी वाडीच्या तोंडाशी पोचले तर त्या समोरून येत होत्या. कडक इस्त्रीची जांभळी साडी, खांद्याला पर्स, हातात पिशवी. पिशवीतून निरांजनाचं टोक आणि करंज्यांचा डबा दिसत होता.

"अहो, मी येतच होते बसायला," मी म्हटलं. "खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. कुलूप लावलंय."

माझी नजर निरांजनाच्या टोकावर गेली. त्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "ओवाळायला तिथीच लागते असं कुठे आहे?" मग मागे वळून बघितलं, चाळीकडे, आणि मला वाटलं आता परत फिरतात. दोन पावलं त्या फिरल्याही. मग थांबल्या आणि टॅक्सीला हात केला.

मला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचलं ते एवढंच, "टीचर, मग वाक्य?"

"झाल्यावर सांगते," त्या टॅक्सीत बसत म्हणाल्या. "खरं पाहिजे ना." दार लावलं, आतून एकदा ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं, आणि टॅक्सी गेली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, टॅक्सीच्या दाराची कडी तपासताना. शरदच्या घरी त्या राहिल्या त्या राहिल्याच, पुढे त्याच्या दुखण्यात तिथेच अडकल्या, आणि आमचं बोलणं फोनवर होत राहिलं. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मला परत घरी जाता आलं असतं. पाय मात्र सवयीने जिना चढले. वर गेले आणि गॅलरीच्या तोंडाशीच थबकले. टीचरच्या दाराला दोन कुलपं होती. खाली त्यांचं पितळी, आणि वरच्या कडीला एक काळं, लोखंडी, नवंकोरं.

समोरच्या उंबरठ्यावर तावडेकाका बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "तिनाच सांगल्यान. सकाळी इली आणि म्हणाली, तावडे, वरची कडी तुमची." त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मी त्यांच्या शेजारी बसले. दुपारी शेजारच्या बाईने दोघांना भात आणून दिला, तो त्यांनी डाव्या हातात चमचा धरून खाल्ला.

उन्हं उतरताना माझा फोन वाजला. मागे शरदच्या घरातले आवाज, भांडी, टीव्ही, आणि कोणीतरी भराभरा बोलत होतं, टीचरसारखंच. टीचर म्हणाल्या, "लिहून घे. आय वेंट ऑफ टु माय ब्रदर्स. वर्गाला सांग उद्या. आणि ऐक, मी आज इथेच राहतेय. तावड्यांना म्हणावं, जेवा आणि झोपा."

मी काकांना निरोप सांगितला. त्यांनी मान डोलवली, पण जागचे हलले नाहीत. समोरच्या दाराकडे बघत, मूठ छातीशी धरून म्हणाले,

"तू जा घराक. ह्या खेपेक मी खंयच जावचंय नाय."